‘मेल्ट’चा चौथा अर्थ

तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसू नये अशीच माझी इच्छा आहे. विश्वास बसला की माणूस अर्ध्यावर उठून जातो. पण कार्डमास्तरानं एका इंग्रजी शब्दापायी आमच्या कचेरीतल्या हिशेबनिसाच्या तोंडात लिंबाएवढा लोण्याचा गोळा ठेवला आणि घड्याळ हातात धरून त्याच्यासमोर बसला, हे मी या दोन डोळ्यांनी पाहिलं आहे.

"किती वेळ लागला वितळायला?" जावयानं विचारलं.

जावई इंजिनिअर आहे. त्याला आकडा दिला की बरं वाटतं. मी म्हणालो, बेचाळीस सेकंद.

कार्डमास्तराला जाऊन महिना झाला होता. त्याची मुलगी आणि जावई घर आवरायला आले होते आणि कपाटातली पुस्तकं घरची कोणती, कचेरीची कोणती, एवढं सांगायला मला बोलावलं होतं. काम अर्ध्या तासाचं. मी सकाळी दहाला आलो होतो आणि आता दुपार कलली होती. वहिनी, म्हणजे मास्तराची बायको, खिडकीपाशी बसून त्याच्या कोटाची गुंडी शिवत होत्या. कोट कुणाला तरी द्यायचा होता आणि तुटल्या गुंडीचा द्यायचा नव्हता. माझ्या गोष्टी त्या चाळीस वर्षं ऐकत आल्या आहेत. त्या मान वर करत नाहीत.

मुलगी म्हणाली, "पण काका, लोणी कशाला?"

इंग्रज लोक साळसूद माणसाबद्दल म्हणतात की याच्या तोंडात लोणीसुद्धा वितळायचं नाही. मास्तर म्हणाला, म्हणत असतील, पण खरंच वितळतं की नाही ते बघायला नको? आमच्यात सगळ्यात साळसूद हिशेबनीस. त्याची निवड झाली. लोणी गेलं आणि मास्तरानं वहीत नोंद केली की परीक्षा घेतली, कचेरीत साळसूद कोणी नाही. हिशेबनीस पुढे आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही, पण लोण्याबद्दल त्याची तक्रार नव्हती.

आमची कचेरी म्हणजे एका काचेच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. खाली काच कापायचा आवाज, वर आमचा शब्दकोश. इंग्रजी शब्द डावीकडे, आपले शब्द उजवीकडे. भिंतीला लागून लाकडी खण होते आणि खणांत कार्डं. एका कार्डावर एका शब्दाचा एक अर्थ. एकतीस वर्षांत मास्तरानं एकट्यानं अठरा हजार कार्डं केली. जावयानं मनात भागाकार केलेला मला दिसला. त्याला तो पटला असावा.

संपादकांना आम्ही थोरले म्हणायचो. थोरले बुटके होते. त्यांचा एक नियम होता आणि त्या नियमावर ती कचेरी उभी होती. इंग्रजी शब्दासमोर आपला जो शब्द ठेवायचा तो कुणीतरी जिवंत माणसानं, आपलं काम करताना, आपणहून बोललेला पाहिजे. पुस्तकातला चालत नसे. थोरले म्हणायचे, लिहिणारे लोक काय वाटेल ते लिहितात. म्हणून कार्डावर ते वाक्य, खाली बोलणाऱ्याचा धंदा, जागा, तारीख आणि बोलणाऱ्याची सही. आणि जिथं शंका येईल तिथं तपासनिसानं जायचं, बोलणाऱ्याकडून ते वाक्य पुन्हा म्हणवून घ्यायचं, स्वतःच्या कानांनी ऐकायचं, आणि कार्डाच्या कोपऱ्यात लिहायचं: ऐकलं.

तो तपासनीस मी. इतकं खोटं बोलणाऱ्या माणसाला ते काम कसं दिलं, असं जावयाच्या तोंडावर आलं होतं. मी सांगितलं, म्हणूनच दिलं. खोटं कुठं शिजतंय याचा वास मला लांबून येतो.

खोट्या कार्डाला माफी नव्हती. आमच्याकडे एक मुद्रितशोधक होता. त्यानं एका नावाड्याचं वाक्य घरी बसून तयार केलं. मी नदीवर गेलो तर नावाडी दोन वर्षांपूर्वीच वारलेला. शोधकाला त्याच संध्याकाळी कायमचं घरी पाठवलं. तेवढ्यावर भागलं नाही. त्याची आधीची चारशे कार्डं खणांतून काढून टाकली, कारण एक खोटं तर बाकीची खरी कशावरून. ती कार्डं काढून टाकण्याचं काम थोरल्यांनी मास्तराला दिलं आणि मास्तरानं ते दोन दिवस बसून केलं.

तर ‘मेल्ट’ हा शब्द मास्तराच्या वाट्याला आला. साधा शब्द, चार दिवसांत संपेल असं सगळ्यांना वाटलं. चार महिने लागले.

शब्द मुळापासून धरायचा ही त्याची रीत. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप ‘मेल्टन’. त्याच्याही मागं, पंडित सांगतात, एक फार जुनं मूळ आहे, आणि त्याचा अर्थ वितळणं नव्हे, तर मऊ असणं. धान्य भिजवून मऊ केलं की इंग्रज त्याला ‘माल्ट’ म्हणतो, तो शब्द याच्याच घरातला. लॅटिनमध्ये मऊ म्हणजे ‘मॉलिस’, तोही. आणि आपला ‘मृदू’, तोही. हे सापडलं त्या दिवशी मास्तर खुर्चीतून उठला. तो कधी उठायचा नाही. म्हणाला, "म्हणजे पाणी होणं हे पुढचं. आधी नुसतं मऊ पडायचं." मग पुन्हा बसला.

पहिला अर्थ, उष्णतेनं पातळ होणं. यासाठी तो बर्फाच्या कारखान्यात गेला आणि तिथल्या लादीसमोर स्टूल टाकून बसला. बर्फ नक्की कोणत्या क्षणी पाणी होतो ते त्याला बघायचं होतं. मी पोचलो तेव्हा लादी सगळी वितळून गेली होती, मास्तर घोटाभर पाण्यात बसला होता आणि वहीत लिहिलं होतं: क्षण दिसला नाही.

"घोटाभर?" जावई म्हणाला. "एका लादीचं?"

मी म्हणालो, लादी मोठी होती.

मग तो लोखंडाच्या फाउंड्रीत गेला. भट्टीवाल्याला म्हणाला, लोखंड वितळलं की तुम्ही काय म्हणता? भट्टीवाला म्हणाला, "वितळलं बितळलं आम्ही नाही म्हणत साहेब. रस आला म्हणतो." मास्तरानं तिथल्या तिथं कार्ड लिहिलं आणि सही घेतली. त्या सहीवर काजळीचा अंगठा उमटला होता. भट्टीपुढं उभं राहून मास्तराच्या चष्म्याची काडी वाकली, ती पुढं मरेपर्यंत वाकडीच होती.

मुलगी हसली. चष्म्याची काडी तिला आठवत होती. ती म्हणाली की त्यावर मी बसले होते, पाच वर्षांची असताना. मी म्हणालो, दोन्ही होऊ शकतं.

दुसरा अर्थ पाण्यात मिसळून जाणं. साखरेचं कार्ड एका हॉटेलवाल्यानं दिलं: "चमचा मारू नका, आपोआप विरघळंल." तिसरा, हळूहळू नाहीसं होणं. रस्ता झाडणाऱ्या बाई सकाळी म्हणाल्या, "धुकं विरलं की मग कचरा दिसतो." मास्तर त्या वाक्यावर दोन दिवस खूश होता.

चौथ्या अर्थावर गाडी अडली. माणसाचं मऊ पडणं, राग जाणं. मास्तरानं नऊ दाखले आणले. थोरल्यांनी नऊही परत केले. साहेब पाघळले, आई विरघळली, सासरा द्रवला, सगळे दुसऱ्याबद्दल बोलत होते. थोरले म्हणाले, "दुसऱ्याचा राग गेला हे कुणीही म्हणेल. ज्याचा राग, त्याच्या तोंडून आणा. माणूस स्वतःबद्दल असं बोलतो का ते मला बघायचंय. नसेल बोलत, तर अर्थ गाळा."

टंकलेखिका बाई म्हणाल्या, त्यात काय, माझं नवऱ्याशी रोज भांडण होतं, संध्याकाळपर्यंत वाक्य देते. मास्तर म्हणाला, ठरवून दिलेलं चालत नाही. मी म्हणालो, अरे, सत्तर घरं आहेत गल्लीत, फिर. तो म्हणाला, नको. आणि एक कोरं कार्ड खिशात घालून घरी गेला. दुसऱ्या दिवशी तेच कोरं कार्ड घेऊन परत आला. असं रोज.

तो कुणाच्या तोंडून ऐकायची वाट बघत होता हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं.

इथं मी जरा थांबलो. वहिनींनी दोरा तोडला आणि सुईत दुसरा ओवला. मुलगी म्हणाली, "सांगा काका. मला माहीतच आहे ते."

सात वर्षं वहिनी मास्तराशी बोलल्या नव्हत्या. त्यांची आई गावाकडे अंथरुणावर होती, निरोप आला होता, दुपारी दोनच्या बसनं दोघांनी निघायचं ठरलं होतं. एकटी जाऊ नकोस, मी दीडला येतो, असं मास्तर सांगून गेला होता. त्या दिवशी तो कोणत्या तरी शब्दात होता. कोणत्या, ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. तो पाचला घरी आला. वहिनी पिशवी भरून दारात बसल्या होत्या. पुढची बस सकाळी. आई रात्रीतच गेली. वहिनी तेराव्या दिवशी परत आल्या, घर पहिल्यासारखं चालू केलं, शेजाऱ्यांशी, लेकीशी, माझ्याशी बोलू लागल्या. मास्तराशी नाही. सांगायचं असलं की कचेरीतल्या रद्द कार्डांच्या पाठीवर लिहायच्या. पीठ संपलं. गळका नळ. शाळेची सभा, चार वाजता. मास्तर ती कार्डं वाचून खिशात ठेवायचा.

"मला वाटायचं सगळ्यांच्या घरी असंच असतं," मुलगी जावयाला म्हणाली. "मैत्रिणीच्या घरी आईबाबा बोलत होते तर मला वाटलं भांडतायत."

शुक्रवारी थोरल्यांनी सांगितलं, ‘एम’चा खंड सोमवारी छापखान्यात जातो. शनिवारी सकाळी मास्तराच्या टेबलावर चौथं कार्ड लिहून तयार होतं. मी वाचलं. अजून पाठ आहे. ‘सात वर्षं धरून ठेवला होता. आज दारात उभे दिसले आणि माझा राग विरघळला.’ खाली धंदा, गृहिणी. जागा, घर. तारीख, आदली संध्याकाळ. सहीची जागा कोरी.

माणूस नवशिका होता खोट्यात. सात वर्षांची शेकडो कार्डं घरात, वहिनींच्या हातची. सही उचलणं अवघड नव्हतं. त्यानं वाक्य केलं आणि सहीपाशी त्याचा हात अडला.

मी हळूच म्हणालो, "फाडून टाक. गाळू दे अर्थ. एक अर्थ कमी पडल्यानं इंग्रजी मरत नाही."

तो म्हणाला, "दिलंय मी थोरल्यांना वाचून."

थोरल्यांनी कार्ड हातात घेतलं, कोरी जागा बघितली आणि माझ्याकडे दिलं. म्हणाले, दहा वाजता जा, ऐका, सही घ्या. मास्तरांना बरोबर न्या. त्यांना सगळं कळलं होतं. वहिनी नाही म्हणाल्या असत्या, किंवा नुसत्या गप्प राहिल्या असत्या, तर मास्तर दुपारी रिकामा आणि त्याची तोवरची सगळी कार्डं खणांबाहेर. आणि ती काढायला त्यांनी कुणाला बसवलं असतं, ते मला ठाऊक होतं.

आम्ही चालत गेलो. आता ऐका, कारण यावर तर कुणाचाच विश्वास बसत नाही. त्या रस्त्यावर मास्तराचा वेग इतका कमी होत गेला की एक म्हातारी काठी टेकत आमच्या पुढं गेली, बाजार करून परत आली, आणि तरी आम्ही त्याच कोपऱ्यावर.

जावयानं घड्याळाकडे पाहिलं.

दार उघडं होतं. वहिनी ओट्यापाशी होत्या. मास्तर उंबऱ्यावर थांबला, आत आला नाही, चष्मा काढून पुसत राहिला. मी खुर्चीवर बसलो. मी शेकडो माणसांची तपासणी केली होती. मी म्हणालो, वहिनी, कचेरीचं काम आहे, एक वाक्य वाचून दाखवतो, तुम्ही ते बोललात का एवढं सांगायचं. आणि वाचलं. हळू वाचलं. ‘विरघळला’पाशी ओट्यावरचं दूध वर यायला लागलं होतं, वहिनींनी गॅस बंद केला.

मग त्या वळल्या. माझ्याकडे नाही, उंबऱ्याकडे. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याच्याकडे सरळ बघितलं. आणि स्पष्ट आवाजात, शब्द न् शब्द, म्हणाल्या: सात वर्षं धरून ठेवला होता. आज दारात उभे दिसले आणि माझा राग विरघळला. मास्तराच्या हातातून चष्मा पडला. शेजारच्या बाई भिंतीपलीकडे रडायला लागल्या, भिंतीतून आवाज आला. मी कार्डाच्या कोपऱ्यात लिहिलं, ऐकलं, आणि परत जाताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. कोशात ते वाक्य आजही आहे. एम खंड, डावीकडचं पान, चौथा अर्थ.

मुलीचे डोळे भरले होते. जावयानं तिच्या पाठीवर हात ठेवला होता आणि माझ्याकडे तो पहिल्यांदाच शंका न घेता बघत होता. इतकी चांगली मी ती गोष्ट याआधी कधी सांगितली नव्हती.

"खोटं आहे," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी कोट मांडीवर ठेवला होता.

"मी एक अक्षर बोलले नव्हते, भावोजी. तुम्ही दोनदा विचारलंत. मग मी हात पुसले आणि सही केली. ‘ऐकलं’ तुम्ही तुमच्या मनानं लिहिलंत, माझ्यासमोर."

मुलीनं विचारलं, मग सही का केलीस, राग गेला होता म्हणून?

"राग होता तसाच होता," वहिनी म्हणाल्या. "तरी केली. बोलले पुढं केव्हातरी. काय बोलले, कधी बोलले, आठवत नाही. त्याचं कार्ड कुणी केलं नाही."